कमी होत जाणारं कूलंट

2013 च्या उन्हाळ्यात मी डेट्रॉइटजवळ 2,400 डॉलरला एक जुनी अमेरिकन सेडान घेतली. 2001 चं मॉडेल, सहा सिलिंडरचं इंजिन, ओडोमीटरवर 1,28,000 मैल. आधीचे मालक निवृत्त गृहस्थ होते. आसनं स्वच्छ, रंग शाबूत, सर्व्हिसच्या पावत्या फाइलमध्ये लावलेल्या. मी बोनेट उघडलं, इंजिनचा आवाज ऐकला, एक चक्कर मारली आणि पैसे दिले. खाली वाकून गाडीचं पोट मात्र पाहिलं नाही. माझी पहिली चूक ती. पुढच्या चुका तिच्यापेक्षा मोठ्या होत्या.

मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. बर्फ वितळतो आणि ते खारं पाणी गाडीच्या खालच्या पत्र्यात, ब्रेकच्या नळ्यांत, सस्पेन्शनच्या बोल्टांत मुरतं. या राज्यात गाडीची ठरावीक मुदतीने तांत्रिक तपासणी करून घेण्याची सक्तीही नाही. त्यामुळे बारा हिवाळे काढलेल्या गाडीखाली काय शिल्लक आहे, हे मालकानेच पाहायचं असतं. मी आसनांचं लेदर पाहत बसलो.

खर्चाचा अंदाजही चुकला. गाडी स्वस्त म्हणजे गाडी बाळगणं स्वस्त, असं मी धरून चाललो होतो. शहरात ती लिटरला जेमतेम आठ किलोमीटर जायची. मिशिगनचा विमा तेव्हा देशातल्या सर्वांत महागड्यांपैकी होता, कारण अपघातातल्या जखमींच्या उपचारखर्चाला कायद्याने कमाल मर्यादाच नव्हती. हा नियम 2020 मध्ये बदलला. तो खर्च टळण्यासारखा नव्हता. पण मी वर टक्करीच्या नुकसानीचा विमाही घेतला, आणि त्यात पहिले हजार डॉलर माझेच जाणार होते. गाडीची किंमत वजा हजार, एवढीच जास्तीत जास्त भरपाई. त्यासाठी मी दरमहा हप्ता भरत राहिलो आणि ते पैसे गाडीच्या दुरुस्तीला कधी वापरले नाहीत.

‘चेक इंजिन’चा दिवा पहिल्याच हिवाळ्यात लागला. 1996 पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारमध्ये ओबीडी-2 ही निदानव्यवस्था असते, आणि सुट्या भागांच्या दुकानात कोड फुकट वाचून देतात. माझा कोड होता पी0171, म्हणजे इंजिनात इंधनाच्या मानाने हवा जास्त. मी ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा पुन्हा लागला. कोडमधून लक्षण कळतं, बिघडलेला भाग कळत नाही. सेन्सर खरं तेच सांगत होता. एक रबरी व्हॅक्यूम नळी तडकली होती आणि तिच्यातून हवा आत शिरत होती. नळी काही डॉलरची, सेन्सर त्याच्या कितीतरी पट.

त्याहून वाईट गोष्ट ब्रेकची. वळण घेताना लाल दिवा क्षणभर लुकलुकायचा. ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली दिसली, म्हणून मी ते भरलं. काही आठवड्यांनी पुन्हा भरलं. पॅड झिजतात तशी ही पातळी अगदी सावकाश उतरते; आठवड्यांत उतरली तर ऑइल कुठून तरी बाहेर जातंय, एवढाच त्याचा अर्थ. हे मी तेव्हा कुणालाच विचारलं नाही. आई-बाबा साताऱ्याहून आले होते. डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमध्ये ग्रँड रिव्हर रस्त्यावर सिग्नलला ब्रेकवर पाय दाबला, तो थेट तळाला गेला. मागच्या चाकाकडे जाणारी नळी गंजून फुटली होती. ब्रेकची दोन स्वतंत्र मंडलं असल्यामुळे उरलेल्या अर्ध्या ब्रेकवर गाडी थांबली, पण चौकाच्या आत जाऊन. आई मागे बसली होती. “अरे, काय झालं?” एवढंच तिने विचारलं. मी म्हणालो, “काही नाही, रस्ता निसरडा आहे.” रस्ता कोरडा होता.

मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवली आणि मला खाली उभं केलं. बाकीच्या नळ्याही खवले धरलेल्या. त्याने पोलादाऐवजी तांबं-निकेलच्या नळ्या टाकल्या, त्या मिठाने गंजत नाहीत. बिल गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं झालं, आणि ते मला एकदाही जास्त वाटलं नाही.

तरी कूलंटच्या बाबतीत मी तेच केलं.

त्या काळातल्या बऱ्याच अमेरिकन इंजिनांवर हवा आत नेणारं इनटेक मॅनिफोल्ड नायलॉनसारख्या प्लास्टिकचं होतं, आणि कूलंटची वाट त्याच्यातून किंवा त्याच्या शेजारून जायची. फोर्डच्या क्राउन व्हिक्टोरियाच्या 4.6 लिटर व्ही-8 इंजिनात हा भाग पुढच्या बाजूला तडकायचा. पुढे त्या जागी ॲल्युमिनियमचा भाग आला. माझी गाडी वेगळ्या घराण्यातली, पण दुखणं त्याच जातीचं. वर्षानुवर्षं तापून आणि थंड होऊन प्लास्टिक ठिसूळ होतं, गॅस्केटची कड खचते, आणि कूलंट आधी थेंबाथेंबाने बाहेर जातं, मग आत.

सगळी लक्षणं समोर होती. सिग्नलला उभं राहिलं की हीटरमधून गार हवा यायची. पातळी खाली गेली की हीटरच्या नळ्यांत हवा अडकते, म्हणून तसं होतं. गाडी थांबवल्यावर गोडसर वास यायचा. मी काय करायचो, तर बाटली उघडून पाणी ओतायचो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते साधारण उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. प्रत्येक ओतण्याने मी ते प्रमाण बिघडवत होतो आणि गळती स्वतःपासून लपवत होतो. गॅस्केटचं काम त्या वेळी केलं असतं तर चार-सहाशे डॉलरमध्ये भागलं असतं.

2015 मध्ये मला दुसऱ्या राज्यात नोकरी मिळाली. निघण्याआधी ऑइलचं झाकण काढलं, तर त्याच्याखाली दुधाळ, पिवळसर थर दिसला. थंडीत फक्त जवळपास फिरणाऱ्या गाडीत वाफेमुळेही तसा थर येतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण रोज कमी होणाऱ्या कूलंटशेजारी तो थर म्हणजे काय, हे मला त्या क्षणी कळलं होतं. कूलंट ऑइलमध्ये उतरलं की बेअरिंगवरचं वंगणाचं आवरण जातं आणि धातू धातूवर घासतो.

गाडी मी पुण्याहून नुकत्याच आलेल्या एका विद्यार्थ्याला 1,500 डॉलरला विकली. तो मला दादा म्हणायचा. त्याने विचारलं, “दादा, काही प्रॉब्लेम?” मी म्हणालो, “कूलंट थोडं कमी होतं, बघत जा.” दुधाळ थराबद्दल बोललो नाही. खाजगी व्यवहारात गाडी ‘आहे तशी’ विकली जाते, कायदा माझ्या बाजूने आहे, असं मी धरलं. तो मुलगा मात्र कायद्यावर नव्हे, माझ्या शब्दावर पैसे मोजत होता.

जानेवारीत त्याचा फोन आला. हायवेवर खडखडाट झाला आणि इंजिन बसलं. बाहेर कडाक्याची थंडी, आणि तो टो-ट्रकची वाट पाहत रस्त्याकडेला उभा. रागावला नव्हता, कुठल्या गॅरेजला न्यावी, एवढंच विचारत होता. तेव्हा मी त्याला ऑइलच्या झाकणाचं सांगितलं. बराच वेळ तो काही बोलला नाही.

मी पूर्ण पैसे परत पाठवले, टो-ट्रकचे वेगळे. भंगारवाल्याने गाडीचे तीनशे दिले, ते त्याने मला पाठवायचा प्रयत्न केला. मी घेतले नाहीत. मार्चमध्ये त्याला पुन्हा गाडी घ्यायची होती तेव्हा मी विमानाने गेलो. पहिल्या गाडीखाली दोघंही टॉर्च घेऊन आडवे झालो. दाराखालच्या पत्र्याला पेचकस टेकवला तर सरळ आत गेला. ती सोडली. दुसरीला थंड इंजिनावर कूलंटची टाकी उघडून पाहिली, ऑइलचं झाकण काढलं, ब्रेकच्या नळ्या चाकापासून चाकापर्यंत बोटाने तपासल्या, मग एका अनोळखी मेकॅनिककडे शंभर डॉलर देऊन ती लिफ्टवर चढवली. मालक थोडे वैतागले. विद्यार्थ्याने गाडीसाठीच्या पैशांतून तीनशे डॉलर दुरुस्तीला वेगळे ठेवले आणि पहिल्याच आठवड्यात त्यातून पाण्याचा पंप बदलून घेतला, कारण पंपाच्या बुडाशी कूलंटचा वाळलेला पांढरा ओघळ होता. तो त्यालाच दिसला, मला नाही.