म्हैसूरच्या अंगणातली जुनी जावा

म्हैसूरला गेलेला पर्यटक राजवाडा पाहतो, चामुंडी टेकडीवर जाऊन येतो आणि चंदनाचा साबण नि म्हैसूरपाक घेऊन परततो. यादवगिरीकडे मात्र त्याची पावलं सहसा वळत नाहीत. पण मोटरसायकलवेड्यांची खरी तीर्थभूमी तीच!

चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटरसायकली मुंबईत आयात करणाऱ्या रुस्तुम इराणी यांनी इथे ‘आयडियल जावा’चा कारखाना काढला. १९६१ मध्ये तत्कालीन राज्यपाल जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. १९७३ पासून गाडी ‘येझदी’ नावानं निघू लागली आणि १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या इंजिनासह बाजारात परतलं. परंतु निळसर धूर सोडणारी जुनी टू-स्ट्रोक गाडी हवी असेल, तर ती पुन्हा उभीच करावी लागते.

लोणच्याच्या बरण्यांत नटबोल्ट

आम्ही पाहिलेल्या एका घराच्या पडवीत १९६८ ची जावा सुटी करून ठेवली होती. नटबोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत, प्रत्येकीवर चिठ्ठी. वायरिंग सोडवण्यापूर्वी काढलेले फोटो भिंतीवर चिकटवलेले.

“इंजिन धरलं नव्हतं, फक्त सील वाळली होती,” घरमालक म्हणाले. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये दाबलं जातं. तिथलं ऑइल सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते आणि कितीही किक मारली तरी गाडी रुसलेलीच! या गाडीत किक आणि गिअर यांचा दांडा एकच असल्यानं तिथली जुळणीही हळुवार हातानंच करावी लागते. पेट्रोलच्या टाकीतला गंज काढायचा तर काम उघड्यावर, चुलीपासून आणि मुलांपासून दूर हवं. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते.

अप्पांची की मुलाची?

खरा पेच पुढेच होता. ही गाडी घरमालकांच्या वडिलांची. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला मात्र मडगार्ड कापून, चेसिसचा मागचा भाग छाटून तिला नवं रूप द्यायचं होतं. “अप्पा, नाहीतर ती नुसती शोभेची वस्तू होईल,” तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. दुसरीकडे, नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करण्यास मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मनाई करतं.

शेवटी घरानं साधा नियम ठरवला : जे पान्यानं सोडवून पूर्ववत करता येईल, तेवढंच बदलायचं. नवी सीट चालेल, मुलाच्या उंचीला सोयीचा हँडलबार चालेल. करवत मात्र चालणार नाही. टाकीवरचा काळा रंग घासल्यावर खालून मूळचा मरून रंग डोकावला, तेव्हा तोच ठेवायचा हट्ट मुलानंच धरला.

तुमच्याही घरी आजोबांची गाडी धूळ खात असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा तिची सील तपासा. आणि जुलैच्या दुसऱ्या रविवारी, म्हणजे ‘जावा-येझदी दिना’ला रस्त्यावर लक्ष ठेवा. देशातल्या अनेक शहरांत त्या दिवशी या म्हाताऱ्या गाड्या नटूनथटून बाहेर पडतात!