बोट लागेल का?

आपल्याकडे बोट लागते. ऊन लागतं, नजर लागते, तशीच बोट लागते. समुद्रावर माणसाच्या पोटात जे ढवळतं त्याला इतकं नेमकं क्रियापद मला माझ्या एकाही पाठ्यपुस्तकात मिळालं नाही. जहाजं पाण्यावर कशी उभी राहतात, किती कलतात आणि कललेली परत सरळ कशी होतात, हे मोजण्यात माझी तीस वर्षं गेली. नात्यागोत्यात मी 'बोटीचा माणूस'. त्यामुळे कुणी क्रूझचं बुकिंग केलं की पहिला फोन मला येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: बोट लागेल का? दुसराही ठरलेलाच, पण तो जरा आवाज उतरवून विचारतात: उलटणार नाही ना?

२०२३च्या जुलैत हे फोन अचानक वाढले. फिनलंडमधल्या तुर्कू इथल्या मायर गोदीत 'आयकॉन ऑफ द सीज' तयार होत होतं आणि त्याचं संगणकावर काढलेलं एक चित्र जगभर फिरत होतं. वर रंगीबेरंगी घसरगुंड्यांची भेंडोळी, खाली खोल्यांचे मजल्यावर मजले. कुणाला त्यात जत्रा दिसली, कुणाला चाळ. एका मित्रानं तर 'हे पहिल्याच वाऱ्यात आडवं होणार' असं लिहून मला पाठवलं. २७ जानेवारी २०२४ला ते मायामीहून पहिल्या सफरीवर निघालं. आडवं झालं नाही. ऑगस्ट २०२५मध्ये त्याचं भावंड 'स्टार ऑफ द सीज' हेही कामाला लागलं.

या जहाजाचा सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा २,४८,६६३ टन. ऐकणारा डोळे मोठे करतो, पण हे वजन नव्हेच. ग्रॉस टनेज म्हणजे जहाजाच्या पोटातल्या बंदिस्त जागेचं माप. टायटॅनिकचा असा आकडा ४६,३२८ होता, म्हणजे हे पोट पाचपटीहून मोठं. लांबी, रुंदी आणि पाण्यात बुडालेला भाग यांवरून मी वजनाचा अंदाज काढतो तेव्हा तो लाखभर टनांच्या घरात जातो. फोटोत छाती दडपवणारा डोलारा म्हणजे बराचसा पातळ पत्रा आणि हवा: खोल्या, जिने, नाटकगृहं, बागा. खरं जड सामान, म्हणजे इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या, हे सगळं तळाशी. पाण्याखाली जहाज जेमतेम नऊ-सव्वानऊ मीटर आहे, हे ऐकून मात्र लोक पुन्हा घाबरतात.

ही भीती हसण्यावारी नेणं मला जमत नाही, कारण ती कुठून आली ते ठाऊक आहे. आमच्या कोकणपट्टीवर १९२७ साली 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी बुडाल्या. त्यानंतर १७ जुलै १९४७ला, दिव्यांच्या अवसेला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. मोठी लाट आली, भिजायला नको म्हणून माणसं एका बाजूला सरकली आणि बोट कलंडली, अशी हकिकत वाचलेल्यांच्या तोंडून घराघरांत पोचली. 'एका बाजूला जाऊ नका रे' हे वाक्य मी लहानपणी तरीतसुद्धा ऐकलंय.

गंमत अशी की आमच्या नियमांत नेमकं हेच वाक्य आहे, फक्त आकड्यांत. प्रत्येक प्रवाशाचं वजन किमान ७५ किलो धरायचं, माणसं एका चौरस मीटरला चार या दाटीनं एकाच बाजूला उभी आहेत असं मानायचं, आणि तरीही कल दहा अंशांपुढे जाता कामा नये. आयकॉनवर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात. म्हणजे ५७० टन. लाखभर टनांच्या जहाजावर हे सगळे एका कठड्याशी जमले तरी माझ्या ढोबळ हिशेबानं कल एक-दोन अंशांचा. जेवणाच्या टेबलावरचा पेला जागचा हलणार नाही.

हा हिशेब ज्या एका मापावर उभा असतो ते मिळवण्याची रीत मला आजही आवडते. जहाजाचं गुरुत्वमध्य कागदावर काढता येतं, पण कागदावर विश्वास कुणी ठेवत नाही. जहाज बांधून होत आलं की पहाटे, वारा पडलेला असताना, दोरखंड सैल सोडतात, शिडी काढून घेतात. जहाजात किती माणसं आहेत आणि कोण कुठं उभं, हे लिहून ठेवतात. वरून एक लांब तार सोडलेली असते, तिच्या टोकाला वजन, आणि ते हेलकावू नये म्हणून पाण्याच्या नाहीतर तेलाच्या पराती­त बुडवलेलं. मागे पट्टी. मग डेकवरची मोजलेली वजनं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्यायची आणि तार पट्टीवर किती सरकते ते वाचायचं. बस्स. यावरून जहाजाचं गुरुत्वमध्य कुठे आहे ते कळतं. आता मोठ्या जहाजांवर वजनांऐवजी टाक्यांतलं पाणी इकडून तिकडे नेतात, मोजायला इलेक्ट्रॉनिक यंत्रं असतात, पण तत्त्व तेच.

मी नवखा असताना दोनशे टनांच्या एका प्रवासी बोटीवर ही चाचणी चालली होती. वजनं जागच्या जागी असताना तार आपोआप पाच मिलिमीटर सरकली. वरिष्ठांनी पट्टीवरची नजर न काढता विचारलं, "कोण हललं?" शोधलं तर एक वेल्डर न सांगता पलीकडच्या बाजूला विडी ओढायला गेला होता. तो परत आला, तारही परत आली. मला वाटतं मी धंद्यात टिकलो तो त्या पाच मिलिमीटरमुळे.

आता प्रवाशाला न पटणारी गोष्ट. जहाज फार स्थिर असणं त्यालाच सोसत नाही. गुरुत्वमध्य खूप खाली ठेवलं तर जहाज कललं की झटक्यात सरळ होतं, परत पलीकडे, परत झटका, बैलगाडी खडकाळ रस्त्यावरून न्यावी तसं. म्हणून प्रवासी जहाज मुद्दाम थोडं सैल ठेवतात. स्थैर्य सुरक्षिततेला लागतं त्याहून बरंच जास्त, पण झोका लांब आणि संथ येईल इतकंच. शिवाय दोन्ही कुशींतून पंख बाहेर काढलेले असतात, ते जहाज चालू असताना डुलणं खूपसं मारून टाकतात.

पोट बिघडवतो तो मुख्यतः वर-खाली होणारा हेलकावा, आणि त्यातही पाच-सहा सेकंदांत एक फेरी पुरी करणारा सगळ्यात वाईट. सहा सेकंदांच्या लाटेची खोल पाण्यातली लांबी साधारण ५६ मीटर. आपल्या जुन्या कोकण बोटी अशा लाटेवर चढायच्या आणि उतरायच्या. आयकॉन ३६५ मीटर लांब आहे. त्याच्या पोटाखाली अशा सहा लाटा एकाच वेळी मावतात. एक उचलते तोवर दुसरी सोडते, जहाजाला पत्ताच नाही. जहाजभर लांबीची लाट हवी तर पंधरा सेकंदांची, दूर कुठल्यातरी वादळातून आलेली महासागरी फुगवट हवी. कॅरिबियन समुद्रात ती रोज भेटत नाही. तेव्हा बोट लागेल का? बहुधा नाही. तरी खोली मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या, हे मी सांगतो आणि लोक ऐकत नाहीत, कारण वरच्या खोलीचा फोटो चांगला येतो.

ज्या शंका घ्यायला हव्यात त्या कुणी घेत नाही. उदाहरणार्थ वारा. साडेतीनशे मीटर लांब आणि चाळीस मीटर उंच भिंत म्हणजे १४,००० चौरस मीटरचं शीड. ताशी ५४ किलोमीटरचा वारा आडवा आला तर त्यावर दोनशे टनांच्या आसपास जोर पडतो. हा जोर उलटवत नाही, पण धक्क्याला लागताना जहाजाला बाजूला ढकलत राहतो. थ्रस्टर कितीही दमदार असले तरी एखाद्या सकाळी कप्तान विचार करतो आणि बंदर गाळून पुढे जातो. तिकिटाच्या अटींत त्याला ती मुभा असते. आमच्या शेजाऱ्यांनी एका बेटासाठी सहा महिने वाचन केलं होतं. त्यांना ते बेट गॅलरीतून दिसलं.

दुसरी गोष्ट म्हणजे एवढं जहाज जाणार कुठे? इटलीच्या सरकारनं व्हेनिसमध्ये १ ऑगस्ट २०२१पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सान मार्कोसमोरून जायला बंदी केली. आयकॉन त्या मर्यादेच्या जवळजवळ दसपट. म्हणून ठरावीक खोल बंदरं आणि बहामातलं जहाजकंपनीचं खासगी कोकोके बेट, असा फेरा होतो. आपल्याकडे बॅलार्ड पिअरवरून सुटणारी कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' १९९०ची, याच्या पाचव्या हिश्श्याची. तिच्यावर जाऊन आलेले लोक 'आता मोठ्यावर जाऊ' म्हणतात, तेव्हा मी विचारतो, मोठं म्हणजे काय वाढायला हवंय?

गर्दीची शंका लोक घेतात, पण चुकीचा आकडा धरून. ५,६१० प्रवासी ही संख्या खोलीत दोन माणसं धरून काढलेली. त्या हिशेबानं प्रवाशामागे ४४ टन जागा येते, आणि ती चांगली आहे. शाळांच्या सुट्टीत खोलीत तिसरं-चौथं मूल आलं आणि जहाज ७,६००वर गेलं की तीच जागा ३३ टनांवर उतरते. जहाज तेच, तिकीट मात्र सुट्टीत महाग. वर २,३५० कर्मचारी. त्यांच्या वाटेचे जिने आणि मार्ग वेगळे असतात. प्रवाशाला ते दिसू नयेत यावर आमच्या लोकांनी जितकी डोकी खाजवली आहेत तितकी क्वचितच कशावर.

नवं जहाज म्हणजे सगळं कोरं, सगळं चालू, अशीही एक समजूत. मी एका नव्या जहाजाच्या पहिल्या फेरीला होतो. नाव सांगत नाही. तिसऱ्या दिवशी एका उभ्या रांगेतली सगळी शौचालयं बंद पडली. ही शौचालयं हवेच्या ओढीवर चालतात. नळी बारीक, पाणी थोडं. बांधकामाच्या वेळी फरशीवर पसरलेल्या प्लॅस्टिकचा एक तुकडा आत राहिला होता आणि त्यावर तीन दिवसांचं सगळं साठलं होतं. प्लंबरनं तो चिमट्यानं ओढून काढला आणि माझ्यासमोर धरला. तळहाताएवढा. माझा सल्ला: पहिल्या दोन-तीन महिन्यांत जाऊ नका, तुमच्याआधी इतरांना जाऊ द्या.

जेवणाच्या शंकेला मी फार वेळ देत नाही. शाकाहारी मिळतं, जैन आधी कळवलं तर मिळतं, चिवडा बॅगेत असतोच. हात मात्र साबणानं धुवा. जहाजावर पसरणाऱ्या नोरोव्हायरसला बाटलीतलं सॅनिटायझर फारसं जुमानत नाही.

आणि कवायत. १३ जानेवारी २०१२ला इटलीत जिल्यो बेटापाशी 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर घासलं, ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या कित्येकांची सुरक्षा कवायत झालीच नव्हती, कारण चोवीस तासांत केली तरी चालत असे. २०१५पासून ती निघण्याआधी किंवा निघताक्षणी करावी लागते. पण आता नव्या जहाजांवर मोबाइलवर चित्रफीत बघायची आणि ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची एवढीच राहिली आहे. नियमात बसतं, मला पटत नाही. पाच हजार माणसांनी एकदा तरी तो जिना पायांनी उतरायला हवा. घसरगुंडीच्या रांगेत तासभर उभं राहणारी माणसं दहा मिनिटांच्या कवायतीला कंटाळतात, यावर काय बोलायचं!

गेल्या वर्षी वेंगुर्ल्याच्या माझ्या आत्याला तिच्या अमेरिकेतल्या मुलानं अशाच एका जहाजावर नेलं. आत्यानं लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून वेंगुर्ल्यापर्यंत डेकच्या तिकिटावर प्रवास केलेला. चादर पसरून जागा धरायची, उशाशी ट्रंक, नाकाशी लिंबू, दाढेत आलेपाक. वेंगुर्ल्याला बोट लांब उभी राहायची, पडाव यायचे, खलाशी पोरांना हातोहात खाली द्यायचे. दर वेळी तिला बोट लागायचीच. निघण्याआधी तिचा फोन आला. "काय रे, एवढा उंच जहाज, उलटाचा नाय मां?" मी तिला तारेची आणि विडीवाल्या वेल्डरची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मगे विडी ओढूक देव नकात कोणाक."

तिसऱ्या संध्याकाळी पुन्हा फोन. बोट कधी सुटली ते कळलं नव्हतं. पोट ठणठणीत. मुलानं आतल्या बागेकडे उघडणारी गॅलरीची खोली घेतली होती, बाहेरच्यापेक्षा स्वस्त पडते म्हणून. समोर झाडं, खाली दुकानं, रात्री वाद्यवृंद. सगळं सांगून झालं आणि मग म्हणाली, "पण समुद्र खंय गेलो रे?"

मी तिला सांगितलं, लाइफबोटींच्या खाली एक मोकळा मार्ग असतो, फारसं कुणी जात नाही, तिथं जाऊन बस. दुसऱ्या दिवशी आतेभावानं फोटो पाठवला. कठड्याशी खुर्ची, डोक्याला मफलर, नजर पाण्यावर, आणि मुठीत लिंबू. ते तिनं खाली येताना बारवरून मागून घेतलं होतं.