पिंपळीतला समुद्र

आमच्या पिंपळीत पाणी म्हणजे नीरा डावा कालवा आणि उसाचे पाट. समुद्र लांब कोकणात. आज जेवणं आटोपल्यावर टॅबवर क्रिटा हे चित्रकलेचं अ‍ॅप उघडून समुद्राचा तळ रंगवायला घेतला. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी विरतो, म्हणून खालच्या लेयरला निळा-हिरवाच दिला; वर मऊ ब्रशने उन्हाचे तिरपे पट्टे ओढले. मग कोकणातल्या वेळासच्या वाळूत जन्मतं तसं ऑलिव्ह रिडले कासवाचं करडं-काळं पिल्लू काढलं. डोळे थोडे मोठे केले, त्यात पांढरा ठिपका ठेवला. पिल्लू लगेच लाघवी दिसू लागलं. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 चं. तिथल्या प्रवाळांची आठवण ठेवून कोपऱ्यात प्रवाळ रंगवले. चित्र गोंडस असावं, पण त्यातले जीव खरे असावेत. लळा लागला, तरच चित्र बघणारी मुलं त्यांना जपतील.