तलावाची सनद

बंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसावर या परमुलखाशी असलेले आपले जुने नाते सांगण्याची वेळ आली, की तो बहुधा शहाजीराजांच्या जहागिरीकडे बोट दाखवतो. मला मात्र त्या जहागिरीपेक्षा जवळचा वाटतो तो मल्लेश्वरम् येथील काडू मल्लेश्वर मंदिराचा 1669 सालचा शिलालेख. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या देवस्थानास लावून दिल्याची नोंद त्यात आहे. देणाऱ्याचे नाव, दिलेल्या वस्तूचे नाव आणि घेणाऱ्याचे नाव या तिन्ही गोष्टी येणाऱ्याजाणाऱ्यास दिसतील अशा रीतीने दगडावर कोरून ठेवाव्यात, ही त्या काळची दिवाणी रीत होती. या शहरातले तलाव आणि उद्याने आसपासच्या रहिवाशांच्या हवाली करावीत की नाहीत, आणि करावयाची तर कोणत्या कागदान्वये, हा प्रश्न गेली पंधरा वर्षे येथे चर्चेत असल्यामुळे त्या रीतीचे मोल मला अधिकाधिक पटू लागले आहे.

ज्याने बंगळूर केवळ विमानतळ आणि संगणकाच्या कचेऱ्या यांच्यामधल्या रस्त्यावरून पाहिले आहे, त्याला हे शहर तलावांच्या आधारावर उभे राहिले हे सांगूनही खरे वाटणार नाही. उंच पठारावर वसलेल्या आणि मोठी नदी जवळ नसलेल्या या प्रदेशात 1537 मध्ये पेठ वसवणाऱ्या केंपेगौडाने आणि त्याच्या आधीच्या व नंतरच्या गावोगावच्या लोकांनी उतारावर बांध घालून पावसाचे पाणी अडवले. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी खालच्या तलावात, आणि त्याचे त्याहून खालच्या तलावात, अशा साखळ्या त्यांनी जोडल्या. येथे तलावास केरे म्हणतात. प्रत्येक केरेचा एक नीरगंटी असे. आपल्याकडे पाटकरी जे काम करी तेच त्याचे काम, म्हणजे बांधातले पाण्याचे दार (तूब) उघडणे, पाळीपाळीने शेतांना पाणी सोडणे, बांधाला भगदाड पडू लागले तर गावाला हाक देणे. या चाकरीबद्दल त्याला जमिनीचा तुकडा किंवा धान्याचा वाटा मिळे. केरेच्या जवळ आंबा, फणस, जांभूळ, चिंच यांची गुंडतोपु नावाची राई आणि गुरांसाठी गोमाळ, म्हणजे आपले गायरान. बांध, राई आणि रान या तिन्हींची मालकी नावाने कोणाचीही असो, निगा राखण्याचे काम गावकीचे होते. गाळ काढण्यास घरटी माणूस येई आणि तो गाळ शेतात जाई.

या व्यवस्थेचे मी उदात्तीकरण करू इच्छित नाही. गावकी म्हणजे समता नव्हे. पाणवठ्याच्या कोणत्या बाजूस कोणी उतरावे हे जातीने ठरत होते आणि नीरगंटीचे कष्टाचे काम बहुधा अस्पृश्य मानलेल्या घरांकडे होते, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्याचे पोट त्या पाण्यावर होते त्याच्या डोळ्यांसमोर तो बांध होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेसरघट्ट्याहून, 1933 मध्ये तिप्पगोंडनहळ्ळीहून आणि 1974 पासून शंभर किलोमीटरांवरच्या कावेरीहून नळाने पाणी येऊ लागले, तेव्हा शहराची नजर तलावावरून उठली. मग धर्मांबुधी तलावाच्या जागी बसस्थानक झाले, संपंगी तलावाच्या जागी क्रीडांगण झाले, आणि महसूल दफ्तरात गुंडतोपु व गोमाळ या नावांपुढे सरकारी जमीन असा शेरा पडल्यामुळे वसाहती, कचेऱ्या, आगार यांना जागा हवी असेल तेव्हा प्रथम हात त्यांनाच लागू लागला.

1986 मध्ये लक्ष्मण राव समितीने उरलेसुरले तलाव राखण्याचा आग्रह धरला. त्यानंतर त्यांची जबाबदारी कधी वनखात्याकडे, कधी विकास प्राधिकरणाकडे, कधी महानगरपालिकेकडे फिरत राहिली. 2002 मध्ये तलाव विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याने हेब्बाळ, नागवारा यांसारखे तलाव वर्षानुवर्षांच्या भाडेपट्ट्याने खाजगी कंपन्यांना देण्याचे धोरण आखले. ज्या काठावर कालपर्यंत कोणीही बसत होते तेथे तिकीटखिडकी आली. याविरुद्ध 2008 मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, न्यायमूर्ती एन. के. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि 2012 च्या निकालाने तिच्या शिफारशी मान्य होऊन तलावांच्या रक्षणासाठी जिल्हा पातळीवर समित्या नेमण्याचा आदेश झाला. सरकारला तलाव सांभाळता येत नाही आणि व्यापाऱ्याच्या हाती तो सोपवता येत नाही, हे दोन्ही धडे या शहराने असे लागोपाठ घेतले.

तिसरा मार्ग दरम्यान सुरू झाला होता, आणि तो कचेरीतून न निघता काठावरून निघाला. दक्षिणेकडील जे. पी. नगरातील पुट्टेनहळ्ळी तलाव सुमारे तेरा एकरांचा. त्याला पाणी आणणारे ओढे बांधकामांनी बुजवले होते आणि तळात झुडपे व राडारोडा साठला होता. शेजारच्या रहिवाशांनी 2010 मध्ये न्यास स्थापन केला व 2011 मध्ये महानगरपालिकेशी देखभालीचा करार केला. शहरात नागरिकांच्या संस्थेशी झालेला अशा प्रकारचा तो पहिलाच करार. बुजलेले ओढे पुन्हा उघडणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी शेजारच्या वसाहतीतील शुद्ध केलेले सांडपाणी तलावाकडे वळवून घेतले. सर्जापूर रस्त्यावरील कैकोंड्रहळ्ळी तलाव त्याच्या कितीतरी पट मोठा, अठ्ठेचाळीस एकरांचा. तेथे पुनरुज्जीवनाचा आराखडा ठरवतानाच रहिवासी, पर्यावरणाचे अभ्यासक आणि पालिकेचे अभियंते एकत्र बसले. म्हणून फिरण्याच्या वाटेबरोबर पक्ष्यांसाठी बेट, शेजारच्या सरकारी शाळेतील मुलांचा वावर आणि गुरे पाळणाऱ्या जुन्या घरांना गवत कापण्याची मुभा या गोष्टींनाही त्यात स्थान मिळाले. या शेवटच्या गोष्टीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. ते का, हे सांगण्यासाठी मला दुसऱ्याच एका तलावाच्या काठावर जावे लागेल.

शहराच्या पूर्व सीमेवरील तो तलाव; त्याचे नाव येथे सांगत नाही. सकाळी सातच्या सुमारास बांधावरच्या फरसबंदी वाटेने पायांत बूट घातलेली मंडळी भरभर चालत असतात, आणि बांधाच्या खालच्या अंगाला, जेथे पाणी मागे सरून दलदल राहिली आहे तेथे, एक म्हातारी बाई विळ्याने लव्हाळ्यासारखे उंच गवत कापत असते. मूठभर गवत डाव्या हाताने पिळून धरायचे, विळा मुळाशी टेकवून आपल्याकडे ओढायचा, कापलेली मूठ टाचेजवळ आडवी ठेवायची, आणि अशा मुठींची ओंजळ झाली की गवताच्याच काडीने तिची पेंढी बांधायची. हे सारे ती मान वर न करता करते. तिच्या कमरेच्या पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक ओळखपत्रासारखा कागद असतो. मोडक्या कन्नडमध्ये मी तिला विचारले, ‘अज्जी, हे काय?’ तिने उत्तर दिले, ‘फाटकावरचा माणूस मागतो, सार.’ तिच्या सासऱ्याची शेती याच तलावाच्या पाण्यावर भिजत होती; आज ती शेती नाही, दोन गाई आहेत, आणि त्यांच्या चाऱ्यासाठी तलावावर येण्यास तिला काल-परवा राहावयास आलेल्या लोकांच्या समितीची परवानगी लागते. ती परवानगी तिला मिळाली आहे, समितीतील माणसे सज्जन आहेत, हे मी नमूद करतो. परंतु समिती बदलली तर काय, याचे उत्तर त्या कागदावर नाही, कारण तो हक्काचा कागद नसून कृपेचा आहे.

सार्वजनिक हिरवी जागा स्थानिक समाजाच्या स्वाधीन करावी असे आपण म्हणतो, तेव्हा स्थानिक समाज कोणता हा प्रश्न असा उभा राहतो. आपल्याच भाषेच्या मुलखात याची दोन उदाहरणे आहेत. गोव्यात गावच्या जमिनी, खाजणे आणि बांध यांची मालकी गांवकारीकडे होती. पोर्तुगीजांनी 1526 च्या फोराल नावाच्या सनदेने ती रीत लिहून मान्य केली आणि कोमुनिदाद या नावाने ती आजतागायत टिकली. चार शतकांहून अधिक काळ टिकलेली सामूहिक मालकी ही साधी गोष्ट नव्हे. पण तिचे सभासदत्व मूळ गांवकारांच्या पुरुषवंशापुरते राहिले; मागाहून येऊन तेथेच पिढ्या घालवणाऱ्यांस आणि गांवकारांच्या लेकींस तिच्यात स्थान नव्हते. गोव्यात जुने लोक आत आणि नवे बाहेर राहिले, तर बंगळुरात नवे लोक आत येऊन जुने बाहेर जाण्याचा संभव आहे. दोहोंत दोष एकच.

दुसरे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाचे. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि देवाजी तोफा व त्यांच्या गावकऱ्यांनी तो केवळ कागदावर ठेवला नाही. 2011 मध्ये आपल्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेने मिळवला. तेथील ग्रामसभेत गावातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष बसतो आणि निर्णय बहुमताने न होता सर्वांच्या संमतीने होतो. त्या हक्काचे कायदेशीर स्वरूप मला विशेष उद्बोधक वाटते: तो वंशपरंपरेने चालतो, पण विकता येत नाही. सरकारी अधिकारी बदलल्याने तो जात नाही आणि गावातील धनिकास तो खरेदी करता येत नाही. 2009 सालीच अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या कुरणांचा, पाटपाण्याचा आणि मासेमारीचा अभ्यास करून हेच सांगितले होते, की वापरणारे कोण हे स्पष्ट असेल, नियम त्यांनीच केले असतील आणि नियम करण्याचा त्यांचा अधिकार सरकार मानत असेल, तर सामाईक वस्तू उजाड होत नाही.

शहरातील तलावाला वनहक्क कायदा लागू नाही. बंगळुरात 1975 चा सरकारी उद्यानांचा कायदा आहे, 1985 चा उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागा राखण्याचा कायदा आहे, 2014 चा तलाव-संवर्धनाचा कायदा आहे. हे सर्व कायदे जागा राखण्याची भाषा बोलतात, पण काठावरच्या माणसाला हक्क देत नाहीत. त्यामुळे नागरिकांच्या न्यासांना मिळतो तो काही वर्षांचा करार, आणि त्याचे नूतनीकरण कचेरीच्या मर्जीवर. 2020 मध्ये उच्च न्यायालयाने तलावांबाबत कंपन्यांशी नवे करार करण्यास मनाई केली, तेव्हा त्या मनाईच्या छायेत नागरिकांच्या न्यासांची कागदपत्रेही अडून बसली, कारण नफ्यासाठी येणारी कंपनी आणि राखणीसाठी येणारा शेजारी यांच्यातला भेद दाखवील असा वेगळा दस्तऐवजच कायद्यात नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरात महानगरपालिकेच्या निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढील पाच वर्षे निवडणूक झाली नाही. म्हणजे दाद मागावयाची ती नेमलेल्या प्रशासकाकडे.

माझे मत असे आहे, की हस्तांतरण झाले पाहिजे, आणि ते कराराने न होता सनदेने, म्हणजे कायद्याच्या आधाराने, झाले पाहिजे. जमीन सार्वजनिकच राहावी, ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा तिच्यावर क्लब बांधण्याचा अधिकार कोणासही नसावा. मुंबईत सांभाळण्यासाठी दिलेल्या काही मैदानांवर असे क्लब उभे राहिले आणि वस्तीतल्या मुलांना फाटकाबाहेर खेळावे लागले, हे आपण पाहिलेले आहे. राखणीचा, नियम करण्याचा आणि खर्चाचा हिशेब तपासण्याचा हक्क मात्र प्रभागातील सर्व रहिवाशांच्या सभेस असावा, आणि जुन्या गावातील गवत कापणारे, मासे धरणारे, धुणे धुणारे यांची नावे त्या सनदेत हक्कदार म्हणून असावीत. फाटक दुपारीही उघडे असावे. उद्यानांना दुपारी कुलूप लावण्याची येथली जुनी रीत ज्यांना घरात पंखा आहे त्यांच्या सोयीची होती. बांधकामावरचा मजूर, मोलकरीण, सामान पोचवणारा पोरगा यांना सावली हवी असते ती त्याच वेळी. 2024 मध्ये उद्याने पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत खुली ठेवण्याचा हुकूम निघाला, याबद्दल मी सरकारचे मनःपूर्वक अभिनंदन करतो.

आणि सरकारने आपले अंग काढून घेता कामा नये. तलावात येणारे सांडपाणी काठावर राहणाऱ्यांचे नसते. ते पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या राजकालुव्यांतून मैलोन् मैल वरून येते. कितीही निष्ठावंत न्यास असला तरी तो वरच्या वस्तीतील गटार बंद करू शकत नाही किंवा राजकालुव्यावर उठलेली इमारत पाडू शकत नाही. तो अधिकार, तो पैसा आणि ती जबाबदारी सरकारचीच. हक्क खाली द्यावा आणि कर्तव्यही त्याबरोबर ढकलून द्यावे, असे झाले तर पाच वर्षांत तलाव पुन्हा सांडपाण्याने फेसाळेल आणि दोष शेजाऱ्यांच्या माथी येईल.

बंगळुरातील मराठी मंडळींना, विशेषतः गेल्या वीस वर्षांत सर्जापूर, व्हाइटफील्ड, हेब्बाळ या बाजूंस घरे घेऊन राहिलेल्यांना, माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या खिडकीतून जो तलाव दिसतो त्याच्या समितीचे सभासद व्हा, प्रभाग समितीच्या बैठकीस जा, आणि तेथे देखभालीचा मसुदा पुढे आला तर तो केवळ इंग्रजीत मंजूर होऊ देऊ नका. तो कन्नडमध्ये लिहिला जावा, जुन्या गावातील देवळासमोर मोठ्याने वाचला जावा, आणि गवत कापणाऱ्या बायांचे त्यावर अंगठे झाल्यानंतरच आपण सही करावी.