रिकामी चढाई

पैसे लावून खेळायच्या फॅन्टसी ॲपांवर सरसकट बंदी घालणं चुकीचं ठरेल, असं मी संगमेश्वरच्या बाजारपेठेत, देवरुखला शिक्षकांच्या घोळक्यात आणि घरी जेवताना वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. आज माझं मत तसं नाही. ते चारचौघांत सांगितलं होतं, तेव्हा ते बदलल्याचंही चारचौघांतच सांगायला हवं, म्हणून हे लिहितो आहे.

माझं जुनं मत हवेतलं नव्हतं. आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा. त्याच्या तेराव्या कलमात निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट आहे. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याची स्पर्धा वेगळी आणि जुगार वेगळा, असं म्हटलं. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतींबाबत तोच विचार झाला, आणि ३० एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ड्रीम इलेव्हनचा खेळ कौशल्याचा असल्याचं मान्य केलं. एवढा आधार पाठीशी असताना मी का म्हणून गप्प बसावं?

दुसरं कारण कोकणातलं. मटक्याने आमच्याकडची घरं पोखरलेली मी लहानपणी पाहिली आहेत. कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी साठच्या दशकात मुंबईत मटक्याचा धंदा उभा केला, आणि गिरणगावात राहणारे आमचे चाकरमानी त्या आकड्यांत ओढले गेले. गावी येणारी मनीऑर्डर आटली की घरात कुणी बोलायचं नाही, पण कारण सगळ्यांना ठाऊक असायचं. आकड्याला डोकं लागत नाही, तो नुसता लागतो किंवा बुडतो. त्या मानाने समोरच्या दोन संघांतून सात खेळाडू निवडायचे, शंभर क्रेडिटच्या आत ते बसवायचे, कर्णधार कोण करायचा ते ठरवायचं, यात विचार होता. मला तो विचार आवडत होता.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं आणि शिट्टी घेऊन तालुक्यातल्या मैदानांवर पंच म्हणून उभा राहिलो. भात झोडून झालं की गावोगावच्या मळ्यांत दिवे लागतात आणि शिमग्यापर्यंत रात्रीचे सामने चालतात. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आमचा हुतूतू टीव्हीवर आला, याचा आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. त्यापाठोपाठ ॲपं आली, आणि शाळा सोडून गेलेली पोरं पुन्हा माझ्या ओट्यावर यायला लागली. "सर, डावा कोपरा कुणाचा चांगला?" "सर, हा पहिल्या सातात असेल का?" २०२४ च्या हंगामात पुणेरी पलटणच्या अस्लम इनामदारच्या गुडघ्याला दुखापत झाली, ते कळल्याबरोबर पोरांनी आपापले संघ बदलले. आदल्याच हंगामात विजेता ठरलेला हा संघ त्या वर्षी बाद फेरीतही पोहोचला नाही. पोरं खेळ बारकाईने पाहायला लागली असं मी समजत होतो. पैसे ही त्यांनी शिकण्यासाठी दिलेली फी, असंही म्हणत होतो.

माझं मन पहिल्यांदा हललं होतं ते त्याही आधी, पुणेरी पलटणच्या विजयाच्या रात्री. १ मार्च २०२४, हैदराबाद, समोर हरियाणा स्टीलर्स, निकाल २८–२५. आमच्या वाडीत पंधरावीस जण एका टीव्हीपुढे बसले होते. कबड्डीत शेवटच्या मिनिटांना आघाडी दोनतीन गुणांची असेल, तर चढाईला गेलेला खेळाडू काय करतो ते जाणकाराला पाहावंसं वाटतं. तो निदान रेषा ओलांडतो, कोपऱ्याला डिवचतो, मधल्यांना मागे सरकवतो, तीस सेकंदांतली शेवटची दोनतीन उरेपर्यंत आत राहतो आणि अंगाला कुणाचा हात लागू न देता मध्यरेषेवर परत येतो. गुण शून्य. तिसरी चढाई करा किंवा मराची असते, म्हणून अशा रिकाम्या चढाया दोनच जमतात, आणि त्या दोन कुणी करायच्या हे संघाने आधी ठरवलेलं असतं. निम्मे सामने या शून्य गुणांवर राखले जातात. त्या रात्री पलटणचा खेळाडू असाच परत आला आणि माझ्या शेजारी बसलेला, मीच शाळेत खेळवलेला मुलगा चिडून ओरडला, "अरे, टच तरी कर! माझा कॅप्टन आहेस तू!" ॲपवर कर्णधाराचे गुण दुप्पट धरतात. महाराष्ट्राचा संघ पहिल्यांदाच हे विजेतेपद घेत होता असं नाही, २०१५ ला यू मुंबाने ते मिळवलं होतं. पण पुण्याचं हे पहिलंच, आणि आमचा मुलगा आपल्या संघाच्या उत्तम खेळावर रागावलेला होता.

त्यानंतर मी पोरांच्या मोबाइलवरच्या गुणांच्या याद्या नीट पाहायला लागलो. पकड हा कबड्डीचा गाभा. कोपरा पाय धरतो, मधला रक्षक खांद्याने रेटतो, साखळीतला जोडीदार चढाई करणाऱ्याची परतीची वाट अडवतो. क्षणभर चारपाच शरीरं एका विचाराने हलतात. गुण मात्र एकाच्याच नावावर लागतो, ज्याने सुरुवात केली त्याच्या. ज्याने वाट अडवली त्याच्या नावापुढे ॲपमध्ये काही पडत नाही. मी मैदानावर साखळी शिकवण्यात आयुष्य घालवलं, आणि ज्याला मी कौशल्य म्हणून वाखाणत होतो त्या हिशेबात साखळीला जागाच नव्हती. पोरं बारकाईने पाहत होती, पण एकेकट्या खेळाडूला पाहत होती. मैदानात दोन फळ्या झुंजत असतात हे त्यांच्या डोळ्यांपुढून निसटत चाललं होतं.

प्रशिक्षकाचं तर नावच कुणाला माहीत नसायचं. बी. सी. रमेश यांनी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला आणि २०२४ मध्ये पुण्याला जिंकून दिलं. पुढे ते बंगळूरू बुल्सकडे गेले. तिथे पहिल्या हंगामापासून रणधीर सिंग सेहरावत होते. अकरा हंगामांनंतर ते दूर झाले. आदल्या वर्षी तळाला गेलेला बुल्सचा संघ रमेश यांच्या हाताखाली बाद फेरीत आला. पुण्याची धुरा अजय ठाकूरने घेतली. कोण बदली येणार, चढाईचा क्रम कोण लावणार, थकलेल्या कोपऱ्याला कधी बसवणार, हे सगळं या माणसांच्या हातात असतं. शंभर क्रेडिटमध्ये त्यांना विकत घेता येत नाही, म्हणून आमच्या ओट्यावर त्यांचा विषयही निघत नव्हता.

पैशांचा हिशेब मी शेवटी केला, तो आधी करायला हवा होता असं माझी बायको म्हणते. सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी जमायचे, त्यातून ॲप आपला वाटा काढून घ्यायचं आणि उरलेले वाटले जायचे. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला, जिंकलेल्यावर ३० टक्के कर आधीपासूनच होता. म्हणजे आमच्या तालुक्यातली सगळी पोरं एकाहून एक हुशार झाली तरी त्यांनी मिळून भरलेल्यापेक्षा कमीच त्यांच्याकडे परत येणार. मी एकाला शिकवलं तर तो दुसऱ्याचे घेणार, आणि तो दुसराही माझाच विद्यार्थी. शिवाय समोर एकाच स्पर्धेत अनेक संघ उतरवणारे, दिवसभर आकडेमोड करत बसणारे लोक असायचे. रिक्षाच्या थांब्यावर दोन भाड्यांच्या मधल्या वेळात संघ लावणारा मुलगा त्यांच्यापुढे किती टिकणार? एका मुलाने आईच्या बचत गटाच्या कर्जातले पैसे अशाच एका ॲपवर घालवले. त्याची आई माझ्याकडे आली. ती काही बोलली नाही, तिने फक्त पासबुक पुढे केलं. तिच्यापुढे मला २०१९ चा निकाल वाचून दाखवता येणार नव्हता.

माझा भाचा न्यू जर्सीत आहे. मे २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला असलेली जुनी केंद्रीय मनाई रद्द केली, आणि तो खटला न्यू जर्सी राज्यानेच लढवला होता. भाचा म्हणतो, "मामा, आमच्याकडे सगळं उघड आहे, कर मिळतो, लपाछपी नाही." त्यांच्या अमेरिकन फुटबॉलचे नियमित सामने संपले की दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षकांना नारळ द्यायला सुरुवात होते, त्या दिवसाला तिकडे ब्लॅक मंडे म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये प्रशिक्षक बिल बेलिचिक न्यू इंग्लंडचा संघ सोडून गेला. २४ हंगाम, ६ विजेतेपदं. मी भाच्याला विचारलं, तुमच्याकडे त्याच्यावर काय चर्चा झाली? तो म्हणाला, आमच्या ग्रुपवर पुढचा कोण येणार त्यावरचे भाव फिरत होते. भाच्याचं आणि माझं अजून जुळलेलं नाही, आणि उघड सट्ट्यावर सरकारचं लक्ष राहतं हा त्याचा मुद्दा मी खोडू शकत नाही.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा कायदा झाला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, आणि हे मला फार योग्य वाटतं. ड्रीम इलेव्हनने पैशांचे खेळ बंद केले, भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून तिचं नाव गेलं. आठवड्याभरात, २९ ऑगस्टला, विशाखापट्टणमला प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू झाला. पोरं पाहणार नाहीत असं मला वाटत होतं. काही जण खरंच यायचे थांबले. पण जे आले त्यांच्याशी बोलणं वेगळं झालं. पहिल्या पात्रता सामन्यात दिल्ली आणि पुणे बरोबरीत राहिले. टायब्रेकमध्ये दोन्हीकडून पाच-पाच चढाया, त्या पाच वेगवेगळ्या खेळाडूंनी करायच्या. पाचवा कोणाला पाठवावा यावर आमच्या ओट्यावर भांडण झालं, आणि त्या भांडणात कुणाचा एक रुपयाही अडकलेला नव्हता. ३१ ऑक्टोबरला दिल्लीने अंतिम सामना ३१–२८ असा जिंकला. दिल्लीच्या मागच्या विजेतेपदाच्या वेळी, २०२२ ला, जोगिंदर नरवाल कर्णधार होता, आता तो प्रशिक्षक होता. हे मला पोरांनी सांगितलं.

भीती आहेच. परदेशातून चालणारी ॲपं बंदीने मिटत नाहीत, आणि मटका बंदी असतानाच वाढला होता. टेलिग्रामवर "पक्की टीम" विकणारे आमच्याकडेही पोहोचले आहेत. पोलिसांनी पोरांच्या मागे न लागता या विकणाऱ्यांच्या मागे लागावं, असं मी आता बोलतो, आणि फुकटचे फॅन्टसी खेळ चालू राहिले तर माझी काही हरकत नाही.

यंदाच्या रात्रीच्या सामन्यांसाठी मंडळाची बैठक झाली, तेव्हा उत्कृष्ट चढाई आणि उत्कृष्ट पकड या दोन बक्षिसांच्या जोडीला साखळीसाठी तिसरं बक्षीस ठेवा, असं मी सुचवलं. ते कुणी ठरवायचं, गुणपत्रकात त्याची नोंद कशी करायची, यावर बराच वाद झाला. शेवटी गुणलेखकाशेजारी आणखी एक जण बसवायचा आणि प्रत्येक पकडीत वाट कुणी अडवली ते त्याने लिहायचं, असं ठरलं. कॅप्टनवर ओरडलेला तो मुलगा या कामाला तयार झाला आहे. वहीत रकाने कसे आखायचे ते विचारायला तो उद्या येणार आहे.