सूर तोच, गढूळपणा गेला

आजऱ्यात पावसाळ्यात हिरण्यकेशी दुथडी भरून वाहते आणि घराघरांत ओल शिरते. अशाच एका घरात दिवंगत थोरल्या भावाच्या गिटारीचा वाल्व्ह अँप्लिफायर घोगरा झाला होता. पुतण्याला तो दुरुस्त करून त्याचा स्वरही उजळ करावयाचा होता. काकांना धास्ती, की त्यात भावाचा नादच पुसला जाईल.

“काका, जुना भाग टाकत नाही. नाही रुचलं, तर परत बसवू.”

दोष दोन वाल्व्हमधील कपॅसिटरमध्ये निघाला. तो गळू लागला, की पुढच्या वाल्व्हच्या ग्रिडवर नको तो दाब पोहोचतो. वाल्व्ह तापतो, सूर फाटतो. वीज तोडल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट साठून राहू शकतात. म्हणून तो भार रेझिस्टरमधून उतरवून, मीटरवर शून्य पाहूनच पुतण्याने हात घातला. ०.१ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०२२चा कपॅसिटर बसवला. खर्जाचा गढूळपणा ओसरला. जुना कपॅसिटर काड्यापेटीत जपून ठेवला गेला.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी खुलवतात; तंबोरा मात्र तोच राहतो. येथेही तेच घडले. नवे यंत्र घरात आले नाही, जुने टाकले गेले नाही. अपरिग्रह असाही पाळला जातो.

पहिली तार छेडली. पुतण्याला मोकळा सूर ऐकू आला, काकांना भाऊ. अनेकांताच्या दृष्टीने दोघेही आपापल्या अपेक्षेने खरे होते. काड्यापेटी मात्र काकांनी स्वतःच्या कपाटात ठेवली.