जुनी गाडी घेताना

गेल्या दिवाळीत माहेरी गेले होते. फराळ उरकल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "वन्सं, आम्हालाही एखादी जुनी गाडी घ्यायची आहे. तुम्ही तुमची कशी पारखलीत, ते सांगा ना!" सांगायला बसले तर तास केव्हा गेला कळलं नाही. वाटलं, हे सगळं लिहूनच काढावं. आणखी चारजणींच्या उपयोगी पडेल.

आमचं गाव पोखर्णी. नृसिंहाचं पोखर्णी म्हटलं की परभणी जिल्ह्यात कुणालाही कळतं. परभणीहून गंगाखेडला जाताना लागतं. हे शेती बघतात. सासूबाईंना अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवा हात फारसा चालत नाही. मी परभणीच्या शाळेत शिकवायची आणि एस.टी.ने ये-जा करायची. तेवढं अंतर अंगवळणी पडलं होतं.

२०२३च्या एप्रिलमध्ये मुख्याध्यापिका म्हणून बढतीचा आदेश आला, पण तो संस्थेच्या वसमतच्या शाळेत. पोखर्णीहून परभणी आणि तिथून झिरो फाट्यावरून वसमत, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्याच वर्षी १७ मार्चपासून एस.टी.त आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. हे म्हणाले, "अर्ध्या तिकिटात जाता येतं, मग गाडी कशाला? नाहीतर बढतीच नको म्हण." तिकिटाचं खरं होतं. पण दोन गाड्या बदलायच्या, म्हणजे सकाळी सव्वासातला घर सोडायचं आणि रात्री आठ-साडेआठला परतायचं. सासूबाईंना जेवू कोण घालणार? मुलगी दहावीत जाणार होती. वसमतला खोली घेऊन राहावं, तर घर दोन ठिकाणी वाटलं जाणार. बढती सोडावी, तर बावीस वर्षांची नोकरी डोळ्यांसमोर यायची.

माझ्याजवळ भिशीचे आणि पगारातून बाजूला टाकलेले तीन लाख होते. मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेले. मी मनाशी ठरवलं, कर्ज काढायचं नाही आणि तीन लाखांच्या वर एक रुपया जाऊ द्यायचा नाही. दरम्यान शिकाऊ परवाना काढला, मे महिन्याच्या सुट्टीत मोटार ट्रेनिंगच्या क्लासला जाऊ लागले. पंचेचाळिसाव्या वर्षी क्लच आणि ब्रेकमध्ये गोंधळताना पाहून शिकवणारा मुलगा तोंड फिरवून हसायचा. हसू दे!

आता माझी पहिली चूक सांगते. एका एजंटानं मोठ्या शहरातून आलेली डिझेलची गाडी दाखवली. चकचकीत रंग, आत अत्तराचा घमघमाट, मीटरवर जेमतेम चाळीस हजार किलोमीटर. लांबच्या पल्ल्याला डिझेल स्वस्त पडतं, हे ऐकलेलं होतंच. मी भुलले आणि दहा हजार रुपये इसार देऊन मोकळी झाले. घरी आल्यावर ह्यांनी एका वयस्कर मिस्त्रींना बरोबर घेतलं. त्यांनी इंजिनाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला. टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ! मग पायाखालची चटई उचलली. खाली सीटचे बोल्ट गंजलेले. "मॅडम, ही गाडी पुरात बुडलेली आहे. अत्तर उगाच नाही मारलेलं," ते म्हणाले. वायरिंगमध्ये एकदा पाणी शिरलं की गाडी कुठे बंद पडेल ह्याचा नेम नसतो. इसार काही परत मिळाला नाही. चार दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही.

पण त्या दहा हजारांत मी पुष्कळ शिकले. पुढचा महिनाभर त्या मिस्त्रींच्या गॅरेजवर संध्याकाळी जाऊन बसायची. त्यांनी शिकवलेलं इथे देते.

गाडी पाहायला जाल तेव्हा ती आधी सुरू करून ठेवू नका, असं बजावून सांगावं. गेल्यावर प्रथम बॉनेटला हात लावावा. ते गरम असेल तर समजावं, काहीतरी झाकायचं आहे. थंड इंजिन सुरू करताना मागे उभं राहून धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण उघडून आतून पाहावं. दाट, साईसारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याचा संभव असतो, मिस्त्रींना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. मीटरवर विसंबू नये, तो मागे फिरवता येतो. ब्रेक-क्लचच्या पायपट्ट्यांचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं असेल आणि मीटर तीस हजार दाखवत असेल, तर रबर खरं बोलतंय. सर्व्हिसची पावती-पुस्तिका मागावी. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी चांगली दिसली तरी फार जुना टायर उन्हात दगा देतो, आणि परभणीचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे.

डिझेलचं गणितही त्यांनीच समजावलं. नवी गाडी असती तर गोष्ट वेगळी. जुन्या डिझेल गाडीचा पंप, इंजेक्टर, टर्बो ह्यांतलं एक जरी गेलं, तरी वर्षाची बचत एका दुपारी संपते. सी.एन.जी. स्वस्त खरा, पण आपल्या रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि रांग किती, हे आधी पाहावं. शेवटी मी साधी पेट्रोलची छोटी गाडी पाहायची ठरवली. जिचे सुटे भाग परभणीतच काय, गंगाखेडलाही मिळतील अशी. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात रस्ता फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. म्हणून गाडीचं पोट जमिनीपासून उंच हवं, हेही ध्यानात ठेवलं.

आणि एक गोष्ट मिस्त्रींनी नाही, माझी मीच शिकले. जी बाई गाडी चालवणार, तिनं साडी नेसून आत बसून पाहावं. पाय क्लचवर पुरतात का, पुढचा रस्ता दिसतो का, चढता-उतरताना निऱ्या अडकतात का! पुरुष मंडळी इंजिनाभोवती फिरतात, ह्याचा विचार कुणी करत नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परभणीच्याच एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची वॅगन-आर मिळाली. २०१४ची, एकाच हातची, सगळ्या पावत्या फायलीत लावलेल्या. आसन उंच असल्यानं सासूबाईंनाही वाकावं लागणार नव्हतं. दोन लाख पस्तीस हजारांना ठरली. उरलेल्यातले चाळीस हजार मी आधीपासूनच दुरुस्तीसाठी धरले होते. चारही टायर, बॅटरी, क्लच प्लेट, ऑइल ह्यांत ते गेलेच. गाडीच्या किमतीत हा खर्च धरायचा असतो, ही गोष्ट विकणारा कधी सांगत नाही.

कागदपत्रांत आळस करू नये. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. आधीच्या मालकानं कर्ज काढलं असेल तर बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ घ्यावा. दंडाची चलनं थकलेली नाहीत ना, हे परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून पाहावं. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. म्हणजे माझी २०२९पर्यंत निर्धास्त. सध्या पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुन्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत, म्हणून रबरी नळ्या दर सर्व्हिसला तपासून घेते.

आता रोजचा हिशेब. परभणीचं पेट्रोल राज्यातल्या महागड्या पेट्रोलांत गणलं जातं. लिटरला अठरा किलोमीटर धरले तर दिवसाला सात लिटर, म्हणजे सव्वासातशे-साडेसातशे रुपये. हा आकडा पाहून पहिल्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला होता. पण परभणीहून शाळेतल्या दोन शिक्षिका बरोबर येऊ लागल्या आणि तेवढ्या वाटेचं पेट्रोल तिघींत वाटलं गेलं. आता माझ्या वाट्याला महिन्याला नऊ हजारांच्या आत येतं. एस.टी.पेक्षा महाग आहे, नाही म्हणत नाही. पण पावणेनऊला निघते आणि सातच्या आत घरी असते. सासूबाईंचं सकाळ-संध्याकाळचं जेवण माझ्या हातून होतं, मुलीची दहावी मी जवळ बसून करून घेतली.

दोन वर्षांत गाडी एकदाच वाटेत थांबली, तीही बॅटरीची तार सैल झाल्यानं. तार कशी घट्ट करायची हे मिस्त्रींनी दाखवलं होतं. झिरो फाट्याच्या अलीकडे पदर खोचून मीच ती केली.

मुलीच्या पैशांचं मात्र मनाला लागून होतं. म्हणून बढतीच्या वाढीव पगारातून दर महिन्याला ठरावीक रक्कम तिच्या खात्यात परत टाकते आहे. अजून निम्मीच भरली गेली आहे.

गाडी आणली त्या दिवशी आधी नृसिंहाच्या दारात उभी केली, चाकाखाली लिंबू ठेवलं. सासूबाई पुढच्या आसनावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "माय, आता मला दवाखान्यात न्यायला कुणाची जीप बघायला नको." हे मागे बसले होते. ते काही बोलले नाहीत. पण हल्ली बाजारात कुणी जुनी गाडी घ्यायची म्हटलं, की तेच सांगतात, "आधी सीटचा पट्टा ओढून बघा. आमचे दहा हजार गेलेत त्यात!"